बारबोलेंचा मॉनिटर

उत्तरेश्वर बारबोले माणसाकडे सरळ बघत नाही. मान डावीकडे वळवतो आणि उजव्या डोळ्याच्या कडेने बघतो. नव्या माणसाला वाटतं, याला आपला राग आलाय. तसं काही नाही. त्याच्या नजरेच्या मधोमध डाग आहे. समोरच्याचा चेहरा त्या डागात जातो, फक्त कान दिसतात. एकदा मला म्हणाला, "जयसिंग, तुझे कान म्हातारे झाले." मी म्हटलं, "तोंड दिसत नाही तेवढं बरं आहे."

आम्ही दोघं नारायण पेठेतल्या एकाच छापखान्यात होतो. तो कंपोझिटर, मी मशीनमन. तो खिळे जुळवायचा, मी छापायचो. कंपोझिटरच्या समोर लाकडी केस असायची, तिला खण, प्रत्येक खणात एका अक्षराचे शिशाचे खिळे. मराठीत काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरं, त्यामुळे खण पुष्कळ. हात खणाकडे जातो तेव्हा डोळा मजकुरावर राहिला पाहिजे. ज्याचा डोळा हातामागे धावतो तो कंपोझिटर होत नाही. उत्तरेश्वर बार्शीकडून आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. पहिलं वर्षभर त्याला एकच काम होतं. छापून झालेला मजकूर सोडवायचा आणि खिळे आपापल्या खणात परत टाकायचे. त्याने ते केलं. वर्ष संपलं तेव्हा अंधारातही त्याचा हात बरोबर खणात जात होता.

नव्वद सालानंतर मालकांनी कॉम्प्युटर आणला. खिळे वजनावर गेले. कंपोझिटरांपैकी कोणी वॉचमन झाला, कोणी रिक्षा चालवायला लागला. मी ऑफसेटवर गेलो. माझं मशीन बदललं, पण शाई आणि कागद होतेच. उत्तरेश्वरचं सगळंच गेलं. कॉम्प्युटर मालकांच्या पुतण्याच्या ताब्यात होता. पुतण्या म्हणाला, "बारबोले, आता या वयात तुम्हाला हे जमायचं नाही."

उत्तरेश्वर म्हणाला, "तुम्हाला जमलं, म्हणजे फार अवघड नसणार."

त्याने बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर कीबोर्ड काढला. रोज जेवण झालं की पुठ्ठा मांडीवर. बायको, मैनावहिनी, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणार आणि हा पुठ्ठ्यावर बोटं आपटणार. पुठ्ठ्यावर चूक उमटत नाही, म्हणून वहिनी एक डोळा वर्तमानपत्रावर आणि एक त्याच्या बोटांवर ठेवायच्या. "अहो, बोट चुकलं," म्हणायच्या. कॉम्प्युटरला हात लावायची पाळी आली तेव्हा त्याला शोधावं लागलं नाही. मग पुढे सगळी वर्षं त्याने डीटीपी केलं. पुस्तकं, मासिकं, लग्नपत्रिका, जे येईल ते. छापखाना बंद झाला तेव्हा तो दुसऱ्यांकडे करत राहिला.

डोळ्याचं दुखणं त्यानंतर आलं. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येणार नाही. कडेची मात्र राहील. आता आराम करा."

"आराम किती वाजता सुरू करायचा असतो?" उत्तरेश्वरने विचारलं. डॉक्टर हसले. वहिनी हसल्या नाहीत.

आम्ही दोघं कर्वेनगरला एकाच सोसायटीत राहतो. तो वर्षभर घरात बसला. खाली यायचा बंद झाला. मी वर गेलो तर डाळ निवडत बसलेला असायचा. निवडलेली डाळ वहिनी गुपचूप परत निवडायच्या. त्यालाही ते माहीत होतं.

त्याची मुलगी अपेक्षा खराडीला कंपनीत आहे. तिने यावर विचार केला. एका रविवारी ती आपला जुना लॅपटॉप आणि खिडकीएवढा मॉनिटर घेऊन आली. एका केबलने दोन्ही जोडले. पडद्यावर एक अक्षर वाटीएवढं केलं आणि म्हणाली, "बाबा, आता बघा. डागाच्या बाहेर येतंय का?"

तो मान वळवून बघत राहिला. मग म्हणाला, "क्ष."

ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून डाळ वहिनींकडे गेली.

पुढे तो स्वतः नारायण पेठेत नम्रता गद्रे यांच्याकडे गेला. त्यांचं छोटं प्रकाशन आहे. त्यांचे वडील आमच्या छापखान्याला काम द्यायचे. त्यांच्याकडे औषधी वनस्पतींवरचं पुस्तक आलं होतं. संस्कृत नावं, जोडाक्षरं आणि पानापानावर तळटीपा. बाहेर कंपोझ करायला दिलेलं सगळं चुकांनी भरून परत आलं होतं. मी सोबत होतो.

"काका, ओळखीवर हे काम देणार नाही," नम्रताबाई म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांचं मला कळलंय."

"ओळखीवर मागत नाही. एक फर्मा द्या." फर्मा म्हणजे सोळा पानं. "तो नीट झाला नाही तर पुढचा देऊ नका."

"दसऱ्यानंतरच्या सोमवारी पाहिजे. मंगळवार नाही."

"सोमवारच म्हटलंत ना?"

तो कामाला लागला. मजकूर भरून झाला. राहिलं होतं मूळ प्रतीशी ताडून वाचणं, चुका काढणं आणि तळटीपा लावणं. कंपोझिंगमध्ये निम्मं काम तेच असतं. तेवढ्यात खंडेनवमी आली.

आमच्या छापखान्यात खंडेनवमीला मशीन रॉकेलने धुवायचं, पुसायचं, झेंडूची माळ घालायची. कंपोझिटर आपली खिळे जुळवायची स्टिक आणि चिमटा पाटावर मांडायचे. पूजलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही. उत्तरेश्वरने हे कधी मोडलं नाही. त्या वर्षी त्याने पाटावर स्टिक ठेवली, चिमटा ठेवला, आणि मागे भिंतीला टेकवून मिटलेला लॅपटॉप उभा केला. सरस्वतीला पाटी ठेवतात तसा. मॉनिटर जड, म्हणून तो टेबलावरच राहिला आणि त्याला माळ मिळाली.

"अहो, त्याला कुंकू नका लावू. पोरगी ओरडेल," वहिनी म्हणाल्या.

"मशीन आहे का नाही?"

"आहे."

"मग."

हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या. वहिनींनी सोमवारची आठवण करून दिली. तो म्हणाला, "शनिवार आहे, रविवार आहे." दसरा शुक्रवारी होता. तो शुक्रवारही तसाच गेला.

शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, जरा वर या. हे उठल्यापासून पडद्याशी भांडतायत."

मी वर गेलो. लॅपटॉप चालू होता. मोठा पडदा काळा. त्यावर एक छोटी चौकट इकडून तिकडे फिरत होती आणि चौकटीत चिनी लिहिलेलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"आधी इंग्रजी होतं. नो सिग्नल. मी खालची बटणं दाबली, तर असं झालं."

"आणखी काय केलंस?"

"सगळं केलं. बटणं दाबली, केबल काढून घातली, सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं केलं, बंद करून चालू केलं."

"आणि यातलं कशाने काय झालं?"

त्याने बटणावरचं बोट काढून घेतलं.

छपाई पुसट आली तर शाई, दाब आणि कागद एकदम बदलायचे नसतात. बदलले आणि छपाई सुधारली, तरी कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर त्याहून वाईट. हे त्यालाही माहीत होतं. पण सोमवार डोक्यावर होता आणि माणूस घाबरला की दहा बोटांनी बटणं दाबतो. मी म्हटलं, "पहिल्यापासून सुरू कर. एका वेळी एकच गोष्ट."

अपेक्षाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिच्या कंपनीत काहीतरी रिलीज होतं, म्हणून शनिवार असून ती ऑफिसात होती.

"बाबा, विंडोजचं बटण दाबून धरा आणि पी दाबा. चार चित्रं येतील. दुसरं घ्या, डुप्लिकेट. म्हणजे दोन्हीकडे एकच दिसेल."

त्याने मान वळवली आणि घेतलं. लॅपटॉपचा पडदाही काळा झाला.

"आता दोन्ही गेले," वहिनी म्हणाल्या. "कोणी कोणाला हसायला नको."

"आई, थांब. बाबा, तुम्ही चौथं घेतलंत. केबल काढा."

केबल काढली. लॅपटॉप परत उजळला.

"बघा, हे चांगलं आहे," अपेक्षा म्हणाली. "केबल लावली की लॅपटॉपला कळतंय, कोणीतरी आलंय. फक्त चित्र पलीकडे पोचत नाहीये. आता त्या चिनीचा फोटो पाठवा."

फोटो वहिनींनी पाठवला. तो फोन अपेक्षानेच त्यांना घेऊन दिलेला, आणि त्या घरात त्यावर हात बसला होता तो त्यांचाच. अपेक्षाने फोटोवर लाल गोल काढून परत पाठवला. कुठल्या ओळीवर जायचं, कुठे दाबायचं. वहिनींनी दाबलं. चिनीचं इंग्रजी झालं. मॉनिटर कुठल्या खाचेतून चित्र घेतोय तेही पाहिलं. ते बरोबर होतं. तरीही नो सिग्नल.

"आता केबल," अपेक्षा म्हणाली. "दुसरी आहे का कोणाकडे?"

माझ्या टीव्हीला तसलीच केबल आहे. ती आणली. फरक नाही. म्हणजे केबलचा दोष नाही. मग मी खाली जाऊन टीव्हीचा सेट टॉप बॉक्सच उचलून आणला आणि मॉनिटरला जोडला. पडद्यावर कंपनीचं निळं चित्र लख्ख उमटलं. म्हणजे मॉनिटरही चांगला. माझी बायको फोन करून विचारत होती, टीव्ही कुठे गेला. मी म्हटलं, टीव्ही तिथेच आहे.

"म्हणजे लॅपटॉप," उत्तरेश्वर म्हणाला. आवाज खाली आला होता.

मी केबलचं टोक लॅपटॉपच्या खाचेत दाबून धरलं, जोर लावून. आणि मोठ्या पडद्यावर त्याचं पान आलं.

"हलू नकोस," तो म्हणाला.

मी हललो नाही. तो वाचू लागला. पान थोडं सरकलं की तो दुरुस्त करायचा, मी दाबून धरायचो. मला शिंक आली तेव्हा पान गेलं. परत धरलं. हात भरून आला तसा हात बदलला, तेव्हाही गेलं. असं जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. दोनेक पानं झाली असतील. मी केबल सोडली आणि म्हटलं, "हे काम नव्हे. एका माणसाने मशीन धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने चालवायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत."

तो म्हणाला, "तू दमलास म्हणून सांग."

"दमलो."

कॉलेजच्या रस्त्याला राकेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी तिथे गेलो. दुकानात गर्दी होती. राकेशने केबल घालून पाहिली, हलवून पाहिली.

"अंकल, पोर्ट ढिला झालेला दिसतोय. असं बहुतेक वेळा तेच असतं. खोलायला लागेल. ठेवून जा, मंगळवारी देतो."

"सोमवारी सकाळी काम द्यायचंय," उत्तरेश्वर म्हणाला.

"उद्या दुकान बंद, अंकल. आणि एक सांगू का, हाताने दाबून चालवू नका. आत शॉर्ट झालं तर बोर्डच जाईल."

सल्ला खरा होता. लॅपटॉप ठेवावा तर सोमवार गेला. न ठेवावा तर चालवायचा कसा? उत्तरेश्वरने तो पिशवीत घातला आणि घरी आणला. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर वाचायचा प्रयत्न संध्याकाळपर्यंत केला. नाक पडद्याला लागेपर्यंत वाकला. अक्षर मोठं केलं की ओळ मावेना, ओळ मावली की अक्षर डागात. मी समोर बसलो होतो. करण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी सकाळी त्याने नम्रताबाईंचा नंबर लावायला घेतला. मी विचारलं, "काय सांगणार?"

"होत नाही म्हणून सांगणार. सोमवारी रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं. त्यांना दुसरा माणूस बघायला वेळ मिळेल."

"सांगा," वहिनी आतून म्हणाल्या. "पण आधी पोरीला सांगा. ती रात्रभर ऑफिसात बसून येऊनही विचारत होती."

त्याने अपेक्षाला लावला. राकेश काय म्हणाला ते सांगितलं. 

"बाबा, गुरुवारपर्यंत नीट चालत होता ना?"

"बुधवारपर्यंत. गुरुवारी खंडेनवमी."

"पूजेत लॅपटॉप कसा ठेवला होतात?"

"उभा. भिंतीला टेकवून."

"कुठली बाजू वर?"

त्याने लॅपटॉप उचलला, हवेत तसाच उभा धरला आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट केबलच्या खाचेवर थांबलं.

"अक्षता टाकल्या होत्या?" अपेक्षाने विचारलं.

"मूठभर," वहिनी म्हणाल्या.

अपेक्षा इतकी हसली की तिला ठसका लागला. "कंपनीच्या हेल्पडेस्कला हे सांगितलं तर कोणी लिहून पण घेणार नाही," ती म्हणाली. "आता ऐका. लॅपटॉप बंद करा. चार्जर काढा, खालची बॅटरी काढा. आत धातूचं काही घालू नका, चिमटा तर नाहीच. आतली जीभ पातळ असते, मोडली तर खरंच बोर्ड बदलावा लागेल."

मी बॅटरी काढली आणि खाचेत टॉर्च मारला. आत, अगदी मागे, पांढरं काहीतरी होतं. हळदीचा डाग लागलेलं. आम्ही आदल्या दिवशी केबल दाबून दाबून ते आणखी आत ठोकलं होतं.

वहिनींनी उदबत्तीची काडी आणली. मी ब्लेडने ती तासून चपटी केली. मी घालायला गेलो, पण माझी बोटं मशीनवर जाड झालेली आणि आता थरथरतात. उत्तरेश्वरने काडी माझ्या हातून घेतली. खाच खाली राहील असा लॅपटॉप मांडीवर तिरका धरला आणि डोळे मिटले.

"डोळे मिटून करणार?"

"उघडे ठेवूनही तिथे काही दिसत नाही. मध्ये बोलू नकोस."

काडी आत गेली. तो जोर लावत नव्हता. काडी थोडी आत, थोडी बाजूला, बाहेर. परत आत. बोटांच्या टोकांना काय लागतंय ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. माझा टॉर्चचा हात अवघडला, पण मी हललो नाही. मग त्याच्या धोतरावर अर्धा तांदूळ पडला. तो थांबला नाही. लॅपटॉपला तळहाताने हलकं थोपटलं, काडी परत घातली. उरलेला अर्धा आणि थोडा चुरा पडला.

मी टॉर्च मारला. आत स्वच्छ होतं.

बॅटरी बसवली, केबल लावली. या वेळी टोक पूर्ण आत गेलं आणि टक् असा आवाज आला. मोठा पडदा एकदा काळा झाला, मग त्यावर त्याचं पान आलं. मी केबल हलवून पाहिली. पान तिथेच.

"आलं," मी म्हटलं.

उत्तरेश्वर मान वळवून बघत होता. खूश दिसत नव्हता. "टाईप झिजलाय," तो म्हणाला.

मी पाहिलं. अक्षरं मोठी होती, पण कडा फुटलेल्या, पसरलेल्या. अपेक्षा अजून फोनवरच होती. "शनिवारी अक्षर मोठं केलंत ना सेटिंगमधून? तिथे रिझोल्यूशन कमी झालं. परत जा आणि ज्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय तेच घ्या."

"मग अक्षर बारीक होईल."

"होऊ दे. मग पडदा नका ताणू, पानच मोठं करा. तुमच्या प्रोग्रॅममध्येच झूम आहे. एका वेळी एक परिच्छेद दिसेल. पण जो दिसेल तो कोरा करकरीत दिसेल."

तसं केलं. अक्षराला धार आली. रफार, तळटीपेचा आकडा, अर्धा श, सगळं वेगवेगळं. त्याने खुर्ची पुढे ओढली.

त्या दिवशी मी मूळ प्रत मोठ्याने वाचली आणि त्याने पडद्यावर ताडून पाहिली. छापखान्यात असंच करायचे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि वाचणाऱ्याने काना, मात्रा, स्वल्पविरामसुद्धा बोलून दाखवायचे. माझं संस्कृत म्हणजे शाईच्या डब्यावर जेवढं येईल तेवढं.

"गु... गुडुची," मी वाचलं.

"डूला दीर्घ आहे की ऱ्हस्व?"

"दीर्घ."

"मग दीर्घ म्हण. तू छापतोयस की कुजबुजतोयस?"

त्याचे डोळे लवकर शिणत होते. शिणले की तो थंड पाण्याची पट्टी ठेवून पडायचा आणि मी गप्प बसायचो. मग परत. वहिनींनी दोनदा चहा दिला आणि एकदा ताट वाढून तसंच झाकून ठेवलं. दिवे लागायच्या वेळेला सोळावं पान झालं. तरी तो उठला नाही. मी विचारलं, "आता काय?"

"आता एकदा उलटीकडून. शेवटच्या पानापासून. सलग वाचलं की मन पुढचं धरून चालतं आणि चूक निसटते."

मी चष्मा पुसला आणि सोळावं पान घेतलं.

सोमवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात सोळा पानांचे प्रिंट काढले आणि आम्ही बसने नारायण पेठेत गेलो. नम्रताबाईंनी आमच्यासमोरच लाल पेन घेतलं. आम्ही बाकावर बसलो. त्या वाचत होत्या आणि उत्तरेश्वर पेनाचा आवाज ऐकत होता. पेन कागदाला टेकलं की त्याची मान किंचित हलायची. तिसऱ्या पानावर टेकलं. अकराव्यावर टेकलं. बाराव्यावर दोनदा.

"काका," शेवटी नम्रताबाई म्हणाल्या, "नावं सगळी बरोबर आहेत. एकही चुकलेलं नाही. पण तळटीपांचे आकडे चार ठिकाणी इकडचे तिकडे झालेत."

उत्तरेश्वर म्हणाला, "आकडे बारीक असतात. ते निसटले. यापुढे आकडे वेगळे मोठे करून एकदा फक्त तेच वाचीन."

"चालेल. हे दुरुस्त करून द्या." त्यांनी कपाटातून कागदांचा दुसरा गठ्ठा काढला. "आणि हा पुढचा फर्मा. पुढच्या सोमवारी."

मला वाटलं, हा लगेच हो म्हणेल. त्याने गठ्ठा हातात घेतला, जाडी बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "पुढच्या सोमवारी होणार नाही. या वेळी झालं, पण त्यात जयसिंगचा रविवार गेला आणि माझे डोळे गेले. मला एका फर्म्याला दोन आठवडे लागतील. सकाळचंच काम करीन. दुपारनंतर दिसत नाही."

नम्रताबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कॅलेंडरवर काही लिहिलेलं नव्हतं.

"दोन आठवडे म्हणजे दोन आठवडेच," त्या म्हणाल्या.

"दोनच."

"मग लेखकाला मी सांगते, पुस्तक उशिरा येईल."

बाहेर आलो. बसमध्ये गठ्ठा त्याने पिशवीत घातला नाही, मांडीवर धरला. मी म्हटलं, "आजचा दिवस सोड आता. डोळ्यांना विश्रांती दे."

"देतो की," तो म्हणाला. "चार आकडे तेवढे घरी गेल्यावर दुरुस्त करतो. ते आजचेच आहेत."